न सापडलेली मुंगी

"धनराजभाऊ, पुन्हा मुंगी!"

इनक्युबेटरचं दार उघडं टाकूनच मी ओरडले. सकाळचे साडेआठ वाजले होते. मंगळवार होता. हातातल्या प्लेटवर त्याच पेशंटचं नाव होतं, ज्याची प्लेट मी सोमवारी मुंगी फिरली म्हणून फेकून दिली होती.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर. भंडाऱ्यातल्या एका खाजगी रुग्णालयात तळमजल्यावर माझी लॅब आहे. पेशंट मला बघत नाहीत. त्यांचं रक्त, लघवी आणि बेडका माझ्याकडे येतो आणि माझी सही असलेला कागद त्यांच्याकडे जातो. स्वभावानं मी तापट आहे, हे सगळं रुग्णालय जाणतं. धनराजभाऊ म्हणजे माझे टेक्निशियन. पवनीकडचे, वयानं माझ्याहून मोठे. माझा ताप ते गेली चौदा वर्षं शांतपणे सोसत आले आहेत.

प्लेट म्हणजे काय ते सांगते. बशीएवढी, झाकण असलेली प्लास्टिकची डबी. तिच्यात लाल जेलीचा थर असतो, त्यात थोडं रक्त मिसळलेलं असतं. जंतूंसाठी हे जेवणाचं ताट समजा. पेशंटचा बेडका तारेच्या टोकावर घ्यायचा आणि या थरावर वेड्यावाकड्या नाही, नेमक्या तिरक्या रेघा मारायच्या. मग प्लेट रात्रभर इनक्युबेटरमध्ये, म्हणजे अंगाएवढ्या उबेच्या कपाटात ठेवायची. सकाळी त्या रेघांवर जंतूंचे ठिपके उगवलेले दिसतात. आम्ही जिथे रेघ मारली तिथेच ठिपके यायला हवेत. दुसरीकडे येण्याचं कारण नाही, कारण जंतूंना पाय नसतात.

या प्लेटवर रेघ सोडून ठिपके आले होते. एकामागे एक, मण्यांच्या माळेसारखे. माळ वळत वळत प्लेटच्या कडेपर्यंत गेली होती, मग कडेकडेनं फिरून पुन्हा मधे आली होती. कुणीतरी बाहेर जायची वाट शोधली आणि ती सापडली नाही, असं वाटत होतं.

आमच्या लॅबचं आणि मुंग्यांचं जुनं वैर आहे. तळमजला, मागे धानाचं गोदाम, आणि धनराजभाऊंचा दोन चमचे साखरेचा चहा. मुंगी प्लेटवर चालली की तिच्या पायांना लागलेले जंतू तिच्या वाटेवर उगवतात. असं पूर्वी एकदा झालंही होतं. तेव्हापासून भाऊंनी इनक्युबेटरच्या टेबलाच्या चारही पायांखाली पाण्यानं भरलेल्या वाट्या ठेवल्या आहेत आणि दर शनिवारी ते भोवती मुंग्यांच्या खडूची रेघ ओढतात.

"वाट्यात पाणी हाये, मॅडम," भाऊ वाकून बघत म्हणाले. "खडूही ताजा हाये. मुंगी आली कोठून?"

"ते तुम्ही सांगा. चहाचा कप कुठे ठेवला होता?"

मी रिपोर्टवर लिहिलं: सॅम्पल दूषित, पुन्हा पाठवा. सलग दुसऱ्या दिवशी तेच वाक्य आणि तीच सही.

पेशंट म्हणजे एक निवृत्त गुरुजी. अड्याळकडच्या एका खेड्यात आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेले. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या मूत्रपिंडाला सूज आली होती. शरीराची संरक्षणव्यवस्था उलटून आपल्याच मूत्रपिंडावर तुटून पडते, असा तो आजार. त्यावर स्टिरॉइड देतात. स्टिरॉइड त्या व्यवस्थेला झोपवतं. उपचार बरोबरच होता आणि सूज उतरलीही होती. पण गेल्या आठ दिवसांत गुरुजींना पोटदुखी, उलट्या, खोकला सुरू झाला. छातीतून शिट्टी वाजायला लागली आणि आता ते आयसीयूत होते. आमचे फिजिशियन, ज्यांना सगळे मोठे सर म्हणतात, त्यांना दम्यासारखा प्रकार वाटत होता. दम्यालाही स्टिरॉइडच देतात. सोमवारी त्यांनी डोस वाढवला. मंगळवारी आणखी वाढवला. कल्चरचा, म्हणजे या प्लेटचा, रिपोर्ट आला असता तर दिशा मिळाली असती, पण रिपोर्टवर मी मुंगी लिहून बसले होते.

मंगळवारी दुपारी तिसरं सॅम्पल घेऊन गुरुजींच्या पत्नी अनुसयाबाई स्वतः खाली आल्या. वॉर्डातून माणूस येईपर्यंत त्यांना दम निघाला नाही. ठेंगण्या, काटक बाई. डबी माझ्या हातात दिली आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"बाई, एक गोष्ट सांगाची हाये. वर कोणी आयकून नाही राहिलं."

"बोला."

"यायच्या पोटावर एक रेघ हाये. लाल. ते चालते."

"चालते म्हणजे?"

"सकाळी बेंबीपाशी होती. मी पेनानं खूण केली, शिस्टरले दाखवाले. तिकडून शिस्टर येत वरी रेघ खूण सोडून गेली. चांगली बोटभर समोर. आता कमरेपाशी हाये."

"खाजवल्याची असेल. स्टिरॉइडमुळे कातडी नाजूक होते."

"खाजवल्याची रेघ चालते का, बाई?" त्या आवाज न चढवता म्हणाल्या. "गावचे लोकं म्हणतात, बाहेरचं लागलं. मले तं वाटते, बाहेरचं नाही. आतंच कोणी हाये."

मला तेव्हा कामं होती. मी "बघते" म्हटलं आणि बघितलं नाही. हे वाक्य लिहिताना आजही लाज वाटते.

त्या गेल्यावर भाऊंनी तिसरी प्लेट लावली. या वेळी त्यांनी झाकणाभोवती चिकटपट्टीचे दोन वेढे दिले, प्लेट पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली आणि ती इनक्युबेटरच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

"आता मुंगी यिऊनच दाखवो," म्हणाले.

भाऊंची त्या दिवसांत तब्येत छान होती. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी ते इतके हैराण होते की पायरीपायरीला देवाचं नाव घ्यायचे. मग आठवडी बाजारातल्या कुणा पुडीवाल्याची जडीबुटीची पुडी सुरू केली आणि जादू झाली. भूक वाढली, गाल भरले, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायला लागले. मी त्यांना चिडवायची, "भाऊ, चेहरा अगदी पुनवेचा झालाय, दुसरं लग्न काढताय की काय?" ते लाजून हसायचे.

बुधवारी सकाळी मी आले तर भाऊ लॅबच्या दारातच उभे होते. दिवे लावले नव्हते. खिडकीतून येणारा उजेड तेवढाच.

"मी हात नाही लावला," ते म्हणाले. "तुमीच काढा."

पिशवीची गाठ तशीच होती. चिकटपट्टी तशीच होती. वाट्यांत पाणी होतं आणि त्यात एकही मुंगी तरंगत नव्हती. आणि लाल थरावर ठिपक्यांची माळ होती. एक नाही, चार. एक कडेकडेनं दोनदा फिरून आली होती. एक सरळ मध्यातून गेली होती आणि मधेच थांबली होती. इनक्युबेटरचा पंखा घुरघुरत होता. एवढ्या वर्षांत मला त्या आवाजाची कधी भीती वाटली नव्हती.

"मॅडम, एक सांगू?" भाऊ हळू आवाजात म्हणाले. "मुंगी बाहेरून येते. तिची वाट काठापासून सुरू होते. हे पाहा. हे चारही बेडक्यापासून निंगाले. बाहेरून कोणी आलंच नाही. आतूनच निंगून राहिलं."

आतंच कोणी हाये. अनुसयाबाईंचं वाक्य कानात वाजलं. पोटावरची चालणारी रेघ आणि प्लेटवरची चालणारी रेघ. दोन्ही एकाच माणसाच्या. मी बावीस वर्षांपूर्वी परीक्षेसाठी पाठ केलेलं एक पान डोळ्यांसमोर आलं. त्यानंतर ते पान मला कधी लागलं नव्हतं.

मी प्लेट तशीच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. माळेच्या शेवटच्या ठिपक्यापाशी गेले आणि थांबले.

काचेच्या धाग्यासारखी एक अळी होती. साध्या डोळ्यांना जवळपास न दिसणारी. ती एका टोकाकडून वळली, सरळ झाली, पुन्हा वळली. घाई नव्हती. मागे जेलीवर तिचा माग उमटत होता. गुरुजींच्या फुप्फुसातून ती बेडक्याबरोबर आली होती आणि रात्रभर आमच्या कपाटात चालत होती. अंगाला चिकटलेले जंतू पेरत. मुंगीनं काहीच केलं नव्हतं. चोर सोडून मी दोन दिवस संन्याशाला फाशी देत होते.

या कृमीचं नाव स्ट्राँगिलॉइडिस. ओल्या चिखलात, माणसांची विष्ठा पडते अशा जागी, त्याच्या अळ्या असतात. अनवाणी पायाच्या तळव्यातून त्या आत शिरतात. रक्तातून फुप्फुसात, तिथून घशापर्यंत चढून, गिळल्या जाऊन आतड्यात. बाकीचे जंत काही वर्षांत मरतात. याची खोड वेगळी. याच्या काही अळ्या बाहेर पडतच नाहीत, आतल्या आत पुन्हा शरीरात शिरतात आणि घराणं चालू ठेवतात. वीस वर्षं, चाळीस वर्षं, काही त्रास न देता. शरीराची संरक्षणव्यवस्था राखणदारासारखी त्यांची संख्या आवरून धरते. मारत नाही, वाढूही देत नाही. माणसाला पत्ता नसतो. आणि एक दिवस स्टिरॉइड येतं, राखणदार झोपतो, आणि सगळ्या अळ्या एकदम निघतात. आतडं, फुप्फुस, कातडी, कधी मेंदू. जाताना आतड्यातले जंतू अंगावर घेऊन रक्तात सोडतात.

म्हणजे गुरुजींना आम्ही जितकं औषध देत होतो, तितकं हे वाढत होतं. दुपारी बारा वाजता त्यांना शिरेतून स्टिरॉइडचा सगळ्यात मोठा डोस लागणार होता. घड्याळात सव्वानऊ झाले होते.

मी मोबाइलवर अळीचा व्हिडिओ घेतला आणि जिना चढले. मोठे सर आयसीयूच्या बाहेर फाइल वाचत होते.

"सर, बाराचा डोस थांबवा."

"का? मुंगी म्हणाली का?" दोन दिवसांचा राग होता, आणि तो रास्त होता.

"मुंगी नाहीये. हे बघा."

त्यांनी व्हिडिओ बघितला. चष्मा वर करून पुन्हा बघितला.

"हे कुणाचं आहे?"

"गुरुजींचं. बेडक्यातून. जिवंत आहे."

"शौचाची तपासणी मी स्टिरॉइडच्या आधीच करून घेतली होती. नॉर्मल होती."

"एकच सॅम्पल होतं, सर. एका सॅम्पलमध्ये हा सापडेलच असं नसतं. आणि तपासलं मीच होतं."

त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "माणूस मास्तर आहे. नोकरीत चाळीस वर्षं बूट घालून फिरला. अनवाणी कधी चालला?"

उत्तर अनुसयाबाईंनी दिलं. त्या बाकावर बसून ऐकत होत्या, हे आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

"दरसाल चालते. रोवणीच्या पह्यल्या दिवशी घरधन्यानं सोताच्या हातानं चार परे रोवाचे, असं आमच्या घरी हाये. सासऱ्यापासून. बांधीत चप्पल घालून कोण जाईन? धान माय हाये ना. नोकरी लागली तरी यायनं एक साल सोडलं नाही."

रोवणी म्हणजे भाताची लावणी, परे म्हणजे त्याची रोपं, बांधी म्हणजे पाणी भरलेला शेताचा तुकडा. हे मी तुम्हाला सांगते आहे, सरांना सांगावं लागलं नाही. त्यांचंही घर लाखनीकडचं. त्यांनी नकळत स्वतःच्या बुटांकडे बघितलं.

आम्ही तिघं आत गेलो. गुरुजी गुंगीत होते, नाकाला ऑक्सिजनची नळी. सरांनी चादर बाजूला केली. बेंबीपासून कमरेकडे निळ्या पेनानं केलेल्या खुणा होत्या, एकापुढे एक पाच. प्रत्येकीशेजारी अनुसयाबाईंनी पेनानंच वेळ लिहिली होती. पहिल्या खुणेपाशी आता काही नव्हतं. शेवटच्या खुणेच्या पुढे, कमरेच्या वळणावर, एक लाल नागमोडी रेघ होती. आम्ही बघत उभे राहिलो. मॉनिटर टिकटिकत होता. थोड्या वेळानं सिस्टरनं तोंडावर हात ठेवला, कारण रेघ खरंच पुढे गेली होती.

बाराचा डोस लागला नाही.

स्टिरॉइड एकदम बंद करता येत नाही. बाहेरून मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं आणि अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळतो. म्हणून ते पायरीपायरीनं उतरवलं. कृमीवरचं औषध साधं निघालं. खरजेला देतात ती आयव्हरमेक्टिनची गोळी. आमच्याच औषधाच्या दुकानात पडून होती. उलट्या चालू असल्यामुळे गोळी कुटून नाकातून घातलेल्या दुसऱ्या नळीनं पोटात सोडली. रक्तात पसरलेल्या जंतूंसाठी अँटिबायोटिक सुरू केलं.

तरी पुढचे सहा दिवस वाईट गेले. तिसऱ्या दिवशी गुरुजी कुणाला ओळखेनात. सर म्हणाले, उशीर झाला असेल कदाचित. उशीर दोन दिवसांचा होता आणि ते दोन दिवस माझे होते. त्या आठवड्यात मी भाऊंवर एकदाही ओरडले नाही. तेच एकदा म्हणाले, "मॅडम, ओरडा बाप्पा. भेव वाटून राहिलं."

रोज सकाळी आम्ही गुरुजींची नवी प्लेट बाहेर काढायचो. चार माळा. तीन. पुन्हा चार. मग दोन. एक सकाळ अशी आली की रेघांवर ठिपके होते आणि बाकी लाल थर कोरा होता. भाऊंनी प्लेट उजेडात धरून उलटसुलट बघितली आणि खुर्चीत बसून डोळे पुसले. मीही पुसले. औषध त्यानंतरही दोन आठवडे चाललं.

गुरुजी चालत घरी गेले. जायच्या आधी काठी टेकत लॅबमध्ये आले. त्यांना 'तो' बघायचा होता. जुन्या प्लेटमधला एक नमुना मी काचेवर राखून ठेवला होता, मेलेला. त्यांनी बराच वेळ डोळा लावला.

"कोणत्या साली शिरला असन हा?" त्यांनी विचारलं.

"सांगता येणार नाही. तुम्ही लहान असतानाही असेल."

"म्हणजे माह्या लग्नात होता. पोरगी झाली तवा होता." ते अजून भिंगातून डोळा काढत नव्हते. "वर्गात हजेरी घेवो रोज. अन् माह्याच अंगातला एक कधी हजर म्हणाला नाही."

अनुसयाबाईंनी त्यांचा दंड धरला. "चाला आता. अवंदा परे गमबूट घालून रोवाचे. माय रागावली तं मी पाहून घेईन."

त्यानंतर मी लॅबच्या रजिस्टरमध्ये एक नवा रकाना आखला. प्लेटवर कुठलाही माग दिसला की तो भरल्याशिवाय 'दूषित' लिहायचं नाही. रकान्याचं नाव: मुंगी प्रत्यक्ष पाहिली का? सरांनी सही करताना भुवई उडवली, पण सही केली.

महिना गेला असेल. एका सोमवारी सकाळी इनक्युबेटर उघडला आणि वरच्या फळीवर एक प्लेट दिसली. झाकणाला चिकटपट्टीचे दोन वेढे होते. नाव नव्हतं. शौचाचं सॅम्पल होतं. लाल थरावर एक माळ होती. बेडौल गोल काढून ती जिथून निघाली तिथेच परत आली होती.

मी रजिस्टर उघडलं. शेवटची ओळ त्याच सकाळची. पेशंटचं नाव कोरं. वॉर्ड कोरा. 'मुंगी प्रत्यक्ष पाहिली का?' या रकान्यात धनराजभाऊंच्या सुबक अक्षरात एकच शब्द होता: नाही.

भाऊ माझ्याकडे पाठ करून काचा धूत होते. नळ उगाचच वाहत होता.

"भाऊ, पुडी कधीपासून घेताय?"

"दीड साल झालं असन."

"अजून घेताय?"

"आज सकाळी घेतली." ते वळले. पुनवेसारखा तो गोल चेहरा. वर्षभर मी त्याच्यावर विनोद करत होते. स्टिरॉइडनं असाच गोल चेहरा होतो, हे मी डॉक्टर असून मला सुचलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. "गुरुजीचाही असाच गोल चेहरा पाह्यला, मॅडम, तवाच मले आरसा आठवला. विचाराची हिंमत होऊन नाही राहिली. म्हून प्लेट लावली."

मी त्यांना हाताला धरून सरांकडे नेलं. पुडीत औषधी मुळी किती होती माहीत नाही, स्टिरॉइड मात्र भरपूर असणार, असं सर म्हणाले. राखणदार दीड वर्षं पेंगत होता. अजून पुरता झोपला नव्हता, एवढंच नशीब. गोळ्या दिल्या. पुडी हळूहळू, सरांच्या हिशेबानं सोडवली. पुढच्या तीन प्लेटा कोऱ्या आल्या.

भाऊंचे गाल उतरले आणि गुडघे परत दुखायला लागले. आता ते कठड्याला धरून एकेक पायरी चढतात आणि प्रत्येक पायरीला देवाचं नाव घेतात. वर जाईपर्यंत तो आवाज लॅबमध्ये ऐकू येतो. मला फार बरं वाटतं.

या सगळ्यातून मी शिकले ते थोडकं आहे. स्टिरॉइड सुरू करण्याआधी आपल्या भागातल्या माणसाला एक प्रश्न विचारायचा: बांधीत पाय घातलाय का? उत्तर हो येतंच. बाई म्हणाली रेघ चालते, तर उठून बघायला जायचं. आणि मुंगीला दोष द्यायचा तर आधी मुंगी सापडायला हवी.

त्या रकान्यात आजवर एकदाच 'हो' लिहिलं गेलंय. भाऊंनी ती मुंगी चिकटपट्टीनं रजिस्टरात शेजारीच चिकटवून ठेवली आहे.